कोडिंग न येता ऐतिहासिक कागदपत्रांचं डिजिटल दप्तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पत्रांची पेटी, एखाद्या संस्थेची इतिवृत्तं, हिशेबाच्या वह्या, मागे काहीबाही खरडलेली छायाचित्रं असं काहीतरी हाती आलंय. ते जपायचंय, लोकांना शोधता येईल असं मांडायचंय, आणि प्रोग्रामिंगशी दूरदूरचा संबंध नाही. अशा माणसांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची ही उत्तरं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण बहुतेकांचा पाय तिथेच घसरतो.

कोडिंगचं ओ की ठो कळत नाही. तरी खरंच जमेल का?

जमेल. तक्ता भरता येतो, फाइलीचं नाव बदलता येतं आणि फॉर्म भरून फोटो चढवता येतो, एवढं पुरे. कोडिंगचं काम इतरांनी आधीच करून ठेवलंय आणि त्यातलं बरंच फुकट वाटलंय. जे काम दुसरं कोणी करून देणार नाही ते वेगळंच आहे: हा कागद कोणी लिहिला, कोणाला, केव्हा, कशाबद्दल, आणि तो आत्ता कुठे ठेवलाय, हे एकेका कागदासाठी लिहून काढणं.

लोकांना वाटतं डिजिटल संग्रह म्हणजे संकेतस्थळ. माझ्या लेखी संग्रह म्हणजे नोंदींचा एक तक्ता आणि त्याला जोडलेल्या फाइली. संकेतस्थळ ही त्या खोलीची खिडकी. दहा वर्षांनी खिडकी बदलाल, खोलीतलं सामान तेच राहील. खाली जे काही सांगितलंय ते या एका समजुतीवर उभं आहे.

म्हणजे सुरुवात सॉफ्टवेअर निवडण्यापासून करायची नाही?

नाही. ते सगळ्यात शेवटी. आधी पन्नास कागद घ्या, त्यांची छायाचित्रं काढा, तक्ता भरा. कोणते रकाने कमी पडतात, कोणते रिकामेच राहतात, हे त्या पन्नासांतच कळतं. पाच हजार नोंदी झाल्यावर ‘अरे, पाठवणारा आणि लिहिणारा वेगळा असू शकतो’ हे लक्षात आलं की डोक्याला हात लावायची वेळ येते.

पेटीतले कागद आधी विषयवार लावून घेऊ का?

कृपा करून नको. सगळ्यात जास्त नुकसान या उत्साहात होतं.

कागद ज्या क्रमाने, ज्या गठ्ठ्यात सापडले तो क्रम हीसुद्धा माहिती असते. एक उदाहरण घ्या. एका दोरीत तीन गोष्टी बांधलेल्या आहेत: तारीख नसलेलं पत्र, एक पावती आणि रिकामं पाकीट. विषयवार लावणारा माणूस पत्र ‘कौटुंबिक’मध्ये टाकतो, पावती ‘हिशेब’मध्ये, आणि पाकीट कचऱ्यात. आता त्या पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात पत्राची तारीख होती, आणि पत्रात ज्या पैशांचा मोघम उल्लेख होता ते कशाचे होते हे पावतीवर लिहिलं होतं. तीन कागद मिळून एक गोष्ट सांगत होते. आता एक मुका आहे, एक अनाथ आहे आणि एक गेला.

अभिलेखपालांनी, म्हणजे जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्यांनी, हे फार आधी ओळखलं. एका व्यक्तीची किंवा संस्थेची कागदपत्रं दुसऱ्यांच्या कागदांत मिसळायची नाहीत, हा नियम १८४१ साली फ्रान्समध्ये सरकारी सूचनेत आला. १८९८ मध्ये तीन डच अभिलेखपालांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेने मूळ क्रम राखण्याची शिस्त पक्की केली. तेव्हा विषयवार लावायला खरंच दुसरा मार्ग नव्हता, आज आहे. तक्त्यात ‘विषय’ असा रकाना करा आणि हवं तसं गाळून बघा. कागद हलवायची गरजच नाही.

गठ्ठा सोडण्यापूर्वी तो बांधलेल्या अवस्थेत एक फोटो काढा. मग प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक, गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदाला क्रमांक. आकडा कागदावर लिहायचाच असेल तर मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने.

हातमोजे घालायचे का?

कागदासाठी नको. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. कापडी मोज्यात बोटांची जाण जाते आणि जीर्ण कागदाच्या कडा फाटतात. छायाचित्रं, निगेटिव्ह यांना मात्र मोजे हवेत, कारण बोटांचा तेलकटपणा त्यांवर कायमचा उमटतो. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. ते परत काढता येत नाही. गंजलेल्या टाचण्या ओढून काढायच्या नसतात. कागद खाली धरून टाचणी अलगद सैल करायची, आणि निघत नसेल तर तशीच राहू द्यायची.

स्कॅनर घ्यावा की मोबाइल चालेल?

सुट्या, सपाट, धडधाकट कागदांसाठी साधा सपाट काचेचा स्कॅनर उत्तम. बांधलेली वही काचेवर पालथी दाबली की तिचा कणा मोडतो, तिथे वरून फोटो काढणं बरं. आपोआप कागद ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये जुना कागद घालणं म्हणजे त्याचा बळी देणं.

मोबाइल चालतो, फक्त हिशेब समजून घ्या. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० गुणिले ३००० ठिपके. ए-४ कागदाची लांबी ११.६९ इंच. चौकट पूर्ण भरली तर इंचाला सुमारे ३४० ठिपके मिळतात, आणि वाचनासाठी ३०० पुरेसे धरतात. तोच मोबाइल २२ इंच लांबीच्या वर्तमानपत्राच्या पानावर धरला तर इंचाला जेमतेम १८० उरतात. मोठं पान असेल तर भागाभागाने काढा.

मोबाइल स्टँडला घट्ट बसवा, फ्लॅश बंद, टायमर चालू. दोन्ही बाजूंनी तिरपा, सारखा उजेड द्या. चौकटीत एक पट्टी ठेवा, म्हणजे कागदाचा आकार पुढे कोणालाही कळेल. आणि ती ‘स्कॅन’ करणारी ॲप्स, जी पान पांढरंशुभ्र आणि अक्षरं काळीकुट्ट करून देतात, त्यांच्यापासून लांब राहा. त्या झगमगाटात पेन्सिलीची टिपणं, फिकट शिक्के, शाईचे दोन वेगळे रंग सगळं पुसलं जातं. साध्या कॅमेऱ्याने काढलेला मळकट फोटो जास्त खरा असतो.

कोऱ्या मागच्या बाजूचाही फोटो घ्या. ती कोरी होती, हेही कोणाला तरी उद्या जाणून घ्यायचं असतं.

टिफ, जेपीईजी की पीडीएफ?

मूळ प्रत टिफमध्ये, लोकांना दाखवायची प्रत जेपीईजी किंवा पीडीएफमध्ये. जेपीईजी दर वेळी बदलून पुन्हा साठवताना थोडी माहिती टाकून देतं. टिफमध्ये ती शाबूत राहते. मोबाइलमधून मुळातच जेपीईजी मिळत असेल तर तीच फाइल मूळ माना आणि तिला पुन्हा हात लावू नका. सरळ करणं, कडा कापणं हे सगळं नकलेवर.

जागेचा अंदाज असा: ए-४ पान, रंगीत, इंचाला ३०० ठिपके, न दाबलेलं टिफ, म्हणजे सुमारे २६ एमबी. ४०० ठिपक्यांना ४६ एमबी, ६०० ना १०० एमबीच्या वर. हजार पानं ४०० ठिपक्यांनी स्कॅन केली तर ४६ जीबी. आजच्या डिस्कच्या मानाने हे काही जास्त नाही, त्यामुळे जागा वाचवायला दर्जा कमी करू नका. ६०० मात्र छोट्या छायाचित्रांसाठी राखून ठेवा. साध्या पत्राला त्याचा उपयोग नाही.

फाइलींना नावं कशी द्यायची?

मी पहिल्यांदा चारशे पानं स्कॅन केली आणि कॅमेऱ्याने दिलेली नावं तशीच ठेवली. मग कागद परत बांधून ठेवले. कोणती फाइल कोणत्या कागदाची, हे जुळवायला स्कॅनिंगला लागला त्याहून जास्त वेळ गेला. तेव्हापासून नियम एकच: आधी क्रमांक, मग फोटो.

नाव कंटाळवाणं असू द्या. संग्रहाची खूण, गठ्ठ्याचा क्रमांक, कागदाचा क्रमांक, पानाचा क्रमांक, मध्ये आडव्या रेघा. मोकळी जागा नको, नावात तारीख किंवा माणसाचं नाव नको. कारण ती माहिती चुकीची निघू शकते आणि मग नाव बदलावं लागतं. इथे मराठीचा अभिमान थोडा बाजूला ठेवून फाइलीचं नाव लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्या. झिप करताना किंवा एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना देवनागरी नावं अजूनही कधी कधी बिघडतात. आकड्यांच्या आधी शून्यं भरा, ००१, ००२ अशी. नाहीतर १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो.

तक्त्यात कोणते रकाने असावेत?

चाक पुन्हा शोधायचं कारण नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ बसले आणि कुठल्याही वस्तूचं वर्णन करायला किमान काय लागेल ते ठरवायला लागले. त्यातून ‘डब्लिन कोर’ आलं: शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, तारीख, भाषा, हक्क वगैरे पंधरा घटक. संग्रहाची जवळपास सगळी तयार सॉफ्टवेअरं ही यादी ओळखतात, म्हणून तुमचे रकाने तिच्याशी जुळते ठेवले की पुढे तक्ता सरळ चढवता येतो.

पंधराच्या पंधरा भरायची सक्ती नाही. ओळखक्रमांक, शीर्षक, लिहिणारा, ज्याला लिहिलं तो, तारीख, दोनचार ओळींचं वर्णन, भाषा आणि लिपी, पानं किती, मूळ कागद कुठे आहे, हक्कांची स्थिती, एवढ्याने संसार चालतो. त्यात मी एक जोडतो, जो बहुतेक जण विसरतात: नोंद कोणी केली आणि केव्हा. पाच जण मिळून काम करत असाल तर सहा महिन्यांनी या रकान्याची किंमत कळेल.

शीर्षकावर वेळ घालवा. ‘पत्र’ हे शीर्षक नव्हे. ‘शाळेची गळकी इमारत दुरुस्त करण्याबाबत मुख्याध्यापकांचं संस्थेच्या चिटणिसांना पत्र’ हे शीर्षक. यादीवरून नुसती नजर फिरवणाऱ्याला कागद उघडावा की नाही हे शीर्षकावरूनच ठरवायचं असतं. कागदावर नसलेली, तुम्ही अंदाजाने घातलेली माहिती चौकटी कंसात लिहा. जगभरच्या सूचीकारांची ही जुनी खूण आहे: कंसातलं आमचं, बाहेरचं कागदाचं.

वर्णनात आपलं मत नको. ‘हृदयस्पर्शी पत्र’ असं लिहून शोधणाऱ्याला काहीच मिळत नाही. माणसांची, गावांची, प्रसंगांची नावं लिहिली तर मिळतं. जुन्या कागदात कोणाबद्दल हीन शब्द वापरला असेल तर उताऱ्यात तो तसाच राहू द्या, तुमच्या वर्णनात मात्र आजचा शब्द वापरा.

हजारो कागद आहेत आणि माणसं दोन, अशी गत असेल तर प्रत्येक कागदाची नोंद करायचा अट्टाहास सोडा. आधी फक्त गठ्ठ्यांची नोंद करा: कोणाचा, कोणत्या काळातला, किती कागद, ढोबळ विषय. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेचं वर्णनमानकही वरून खाली असंच जातं: आधी संपूर्ण संग्रह, मग त्यातली मालिका, मग धारिका, मग सुटा कागद. जिथे महत्त्वाचं वाटेल तिथेच खोल उतरा.

तारीख अर्धवट असेल, किंवा शक-संवतात असेल तर?

दोन रकाने करा. पहिल्यात कागदावर जशी आहे तशी, अक्षरशः: तिथी, शक, संवत, हिजरी, जे असेल ते. दुसऱ्यात यंत्राला कळेल अशी: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, १८५७-०५-१० या धर्तीवर, आणि प्रत्यक्ष तक्त्यात इंग्रजी आकड्यांत. महिना-दिवस माहीत नसेल तर नुसतं वर्ष. वर्षाबद्दल शंका असेल तर त्यापुढे प्रश्नचिन्ह, ‘सुमारे’ म्हणायचं असेल तर पुढे नागमोडी रेघ (~). ही पद्धत २०१९ पासून तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचाच भाग आहे.

मूळ तारीख पुसून रूपांतरित तारीख कधीच ठेवू नका. शक वर्षात ७८ मिळवायचे की ७९ हे महिन्यावर अवलंबून असतं, आणि रूपांतर करणारा चुकतो. मूळ समोर असेल तर पुढचा माणूस दुरुस्त करील.

हे सगळं एक्सेलमध्ये केलं तर?

करा, पण एक्सेल हा अतिउत्साही कारकून आहे, त्याला आधीच दम द्यावा लागतो. त्याच्या लेखी काळ १ जानेवारी १९०० ला सुरू होतो. त्याआधीची तारीख त्याला तारीख म्हणून कळतच नाही. त्याहून वाईट, तुम्ही १८८५ च्या कागदासाठी १२-५-८५ लिहिलंत की तो न विचारता १९८५ करून टाकतो. ००१ लिहिलं की १ करतो. उपाय सोपा आहे: काहीही भरण्याआधी सगळे रकाने निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा.

साठवताना सीएसव्ही, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येणारा साध्या मजकुराचा तक्ता, निवडायचं असेल तर यादीतलं ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. साधं सीएसव्ही निवडलं की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते, आणि ती परत अक्षरांत आणता येत नाही.

मराठी शोध नीट चालत नाही, असं का होतं?

बहुतेक वेळा दोष शोधयंत्राचा नसतो, टंकलेखनाचा असतो. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. मजकूर त्याआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची खिचडी आहे, वर फक्त देवनागरी मुखवटा. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

युनिकोडमध्येही गंमत आहे. ‘ॲ’ हे अक्षर एका सांकेतिक क्रमांकानेही लिहिता येतं आणि ‘अ’वर चंद्र जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखीच, यंत्राला दोन वेगळी. एकाने एका पद्धतीने लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधलं की हाती काही लागत नाही. सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, हा यावरचा गावठी पण पक्का उपाय.

नावांचंही तेच. एकच माणूस एका पत्रात नुसत्या आडनावाने, दुसऱ्यात टोपणनावाने, तिसऱ्यात ‘रावसाहेब’ म्हणून येतो. वेगळ्या पानावर नावांची यादी ठेवा: प्रमाण रूप कोणतं, बाकी रूपं कोणती. विषयांचीही तशीच यादी करा आणि ती छोटी ठेवा. चाळीस विषय पुष्कळ झाले. गोंधळ आधीच झाला असेल तर ओपनरिफाइन हे मोफत साधन एकसारखी दिसणारी नावं गोळा करून समोर ठेवतं. हो-नाही तुम्ही म्हणायचं.

छापील किंवा हस्तलिखित मजकूर आपोआप टाइप होईल का?

छापील देवनागरी बऱ्यापैकी होते. चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणाऱ्या साधनाला ओसीआर म्हणतात. टेसरॅक्ट हे २००५ पासून सर्वांना खुलं असलेलं ओसीआर मराठी ओळखतं. ते नुसतं बसवून वापरायला किचकट आहे, पण इतर अनेक साधनांच्या पोटात तेच बसलेलं असतं. गूगल ड्राइव्हवर चित्र ठेवून ते गूगल डॉक्समध्ये उघडलं तरी मजकूर मिळतो. खिळे झिजलेल्या जुन्या छपाईत जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, म्हणून दुसरी नजर हवीच.

हस्ताक्षराची गोष्ट निराळी. ट्रान्सक्रिबससारख्या साधनाला एखादं हस्ताक्षर शिकवता येतं, पण त्यासाठी आधी पाच ते पंधरा हजार शब्द हाताने अचूक टाइप करून द्यावे लागतात. एकाच कारकुनाच्या हातच्या वीस वह्या असतील तर ही मेहनत फळाला येते. तीस माणसांची तीस पत्रं असतील तर सरळ बसून वाचा. मोडीसारखी लिपी, जिथे लेखणी उचललीच जात नाही, तिथे आजही जाणकार माणसाला पर्याय नाही.

एआयकडून पत्रं वाचून घेतली तर?

पहिला कच्चा खर्डा म्हणून घ्या. धोका असा की जुनं ओसीआर चुकलं तर कचरा देतं आणि तो लगेच दिसतो. भाषेची ही नवी साधनं चुकली तर अस्खलित, पटण्याजोगं, व्याकरणशुद्ध वाक्य देतात, जे कागदावर नाहीच. फाटलेल्या कोपऱ्यातले शब्दसुद्धा ती बिनदिक्कत भरून देतात. माणसांची नावं, रकमा आणि तारखा या तीन ठिकाणी मूळ चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय काहीही प्रसिद्ध करू नका. तक्त्यात ‘वाचन: यंत्राचं, न तपासलेलं’ अशी खूण ठेवा. वाचणाऱ्याला ते कळण्याचा हक्क आहे.

बरं, आता तरी सांगा, सॉफ्टवेअर कोणतं?

कागद किती, लोक किती आणि देखभाल कोण करणार, यावर ठरतं.

फोटो काढलेत आणि आधी घरच्या घरी ते लावायचेत, तर ट्रॉपी. संशोधकांसाठीच बनवलेलं, मोफत, संगणकावर चालणारं. एकाच पत्राची चार पानं एका नोंदीत बांधता येतात, रकाने डब्लिन कोरचे मिळतात. संकेतस्थळ मात्र ते बनवत नाही.

लोकांसमोर मांडायचंय तर ओमेका हे माझं पहिलं उत्तर. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्राने २००८ मध्ये आणलं, बनवणारे इतिहासाचेच लोक, त्यामुळे त्याची भाषा आपल्याला समजते. वस्तू, संग्रह, प्रदर्शन अशी मांडणी. सीएसव्ही तक्ता चढवायचं पूरक साधन मिळतं, म्हणजे पाचशे नोंदी एकेक करून भरायला नकोत. त्याचे दोन अवतार आहेत: एकाच छोट्या संग्रहासाठी ‘क्लासिक’, आणि एकाच साठ्यावर अनेक संकेतस्थळं उभी करणाऱ्या संस्थांसाठी ‘एस’. स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे संकेतस्थळासाठी भाड्याने घेतलेल्या जागेवर, बसवता येतं, किंवा शुल्क भरून त्यांच्याच ओमेका डॉट नेटवर क्लासिक वापरता येतं. स्वतः बसवलंत तर अद्ययावत ठेवणं तुमच्या गळ्यात. वर्षभर तिकडे कोणी फिरकलं नाही की घुसखोरी होते.

देखभालीला कोणीच नसेल तर आयडाहो विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं कलेक्शनबिल्डर बघा. तक्त्यावरून ते साधी, स्थिर पानं तयार करतं. मागे डेटाबेस नाही, त्यामुळे बिघडायला फारसं काही नाही. सूचनांच्या फाइलीत चार ठिकाणी नावं बदलावी लागतात. ते कोडिंग नव्हे, पण पहिल्यांदा घाम फुटतो.

स्वतःचं संकेतस्थळच नको असेल तर इंटरनेट आर्काइव्ह. १९९६ पासून चालू असलेली ना-नफा संस्था; खातं उघडा, फाइल चढवा, पानं उलटण्याची सोय आणि ओसीआर आपोआप. तिथला ओळखशब्द, म्हणजे नोंदीच्या वेबपत्त्यात येणारं नाव, एकदा दिला की तुम्हाला बदलता येत नाही, तेव्हा विचार करून द्या. विकिमीडिया कॉमन्सही चांगलं, पण तिथे फक्त मुक्त परवान्याचं किंवा हक्कमुक्त साहित्य चालतं. ‘व्यापारी वापर नको’ ही अट त्यांना मान्य नाही. छापील, हक्कमुक्त पुस्तक असेल तर विकिस्रोतावर पानाशेजारी मजकूर ठेवून अनेकांकडून तपासून घेता येतो.

ॲटम आणि डीस्पेस यांची नावं ऐकाल. मोठ्या अभिलेखागारांसाठी आणि विद्यापीठांसाठी ती योग्य. ती बसवायला माहितगार लागतो, दोन माणसांच्या प्रकल्पाने त्यांच्या नादी लागू नये.

फेसबुक पान किंवा गूगल ड्राइव्ह पुरणार नाही का?

लोक जोडायला फेसबुक उत्तम. ‘हा तिसरा उभा असलेला माझा आजोबा’ असं सांगणारा माणूस तिथेच भेटतो. पण ती माहिती त्याच दिवशी उचलून तक्त्यात घाला. महिन्याभरात ती पोस्ट कोणालाच सापडणार नाही. शिवाय फोटो तिथे दाबून लहान केले जातात. ड्राइव्ह हे कोठार आहे, त्याला सूची नाही.

पेटी माझी आहे. मग कागद प्रसिद्ध करायचा हक्कही माझाच ना?

इथे भलेभले चुकतात. कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी. तुमच्या आजीला आलेलं पत्र तुमच्या मालकीचं आहे, पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. लेखनहक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराप्रमाणे हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं राहतो. भारतात ६०, युरोपीय संघात ७०. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेला मजकूर, फोटो, सरकारी कागद, निनावी लेखन यांचे नियम आणखी निराळे, ते आपापल्या देशाच्या कायद्यात बघावे लागतात.

हक्क कोणाचा हेच कळत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. राइट्सस्टेटमेंट्स डॉट ऑर्गने २०१६ पासून अशी बारा तयार विधानं दिली आहेत. ‘हक्कधारक सापडला नाही’ हेही त्यांत आहे. आणि जे तुमचं नाही त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ‘या अटींवर कोणीही वापरा’ असं सांगणारा, परवाना लावू नका. हक्क संपलेल्या कागदाच्या चित्रावर आडवी भली मोठी मोहोर मारून ठेवणंही मला पटत नाही. वाचणाऱ्याचा त्रास तेवढा वाढतो.

कायद्याने चालेल, पण खासगी वाटतं, असे कागद?

थांबा. आजारपणं, दत्तकविधान, घरातली भांडणं, कर्जं, कोणाच्या जन्माबद्दलचा उल्लेख, यांत हयात माणसं किंवा त्यांची मुलं दुखावू शकतात. स्कॅन करा, नोंद करा, पण चित्र ठरावीक वर्षांपर्यंत बंद ठेवा आणि ते वर्ष नोंदीत लिहा. ओमेकात एका खुणेने नोंद खासगी करता येते. कोणी हरकत घेतली तर काय करणार, हे आधीच दोन ओळींत ठरवून संकेतस्थळावर लावा: कोणाशी बोलायचं, किती दिवसांत उत्तर मिळेल. मी तरी आधी चित्र झाकतो आणि मग चर्चा करतो.

बॅकअप किती?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. एकाच कपाटातल्या तीन डिस्क म्हणजे तीन प्रती नव्हेत. पाणी शिरलं तर तिन्ही एकदम भिजतील. क्लाउडशी आपोआप जुळणारं फोल्डर हाही बॅकअप नाही, कारण इथे चुकून पुसलं की तिथेही पुसलं जातं.

फाइल कालांतराने गुपचूप खराब होऊ शकते. ते ओळखायला चेकसम असतो, फाइलीच्या अंगठ्याचा ठसा म्हणा ना. एसएचए-२५६ पद्धतीने ६४ चिन्हांची ओळ मिळते. फाइलीत एक ठिपका बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं बॅगर हे मोफत साधन फाइली आणि त्यांचे ठसे एकत्र बांधून देतं. वर्षातून एकदा सगळे ठसे पुन्हा तपासा. तारीख ठरवून टाका, नाहीतर राहून जातं.

सेवा किंवा सॉफ्टवेअरच बंद पडलं तर?

पडेलच, कधी ना कधी. १०८६ साली इंग्लंडच्या जमीनदारीची मोजदाद करून लिहिलेलं डूम्सडे बुक आजही वाचता येतं. त्याच्या नऊशेव्या वर्षानिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने त्याचा आधुनिक अवतार लेझर डिस्कवर काढला. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवायला वेगळा प्रकल्प हाती घ्यावा लागला. २००९ मध्ये जिओसिटीज ही लोकांना फुकट संकेतस्थळं बनवू देणारी सेवा बंद झाली तेव्हा लोकांची लाखो पानं गेली. स्वयंसेवकांनी धावपळ करून वाचवली तेवढी वाचली.

म्हणून कुठलंही साधन घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: आत घातलेलं सगळं, रकान्यांसकट, बाहेर काढता येतं का? चाचणीच्या पन्नास नोंदी घालून लगेच बाहेर काढून बघा. आणि दर सहा महिन्यांनी संपूर्ण तक्ता सीएसव्ही करून फाइलींशेजारी ठेवा. सोबत एक साधी मजकुराची फाइल: हा संग्रह काय आहे, रकान्यांचा अर्थ काय, क्रमांक कसे दिलेत, डोमेनचं, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचं, नूतनीकरण कोणाच्या खात्यातून होतं. अनेक संग्रह तंत्रामुळे मरत नाहीत. एका माणसाचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो म्हणून मरतात.

स्कॅन झाल्यावर मूळ कागद ठेवायचे का?

ठेवायचे. जलचिन्ह, कागदाची जात, घड्या, शाईचा दाब यातलं काहीच फोटोत येत नाही. घरी जागा नसेल तर एखाद्या ग्रंथालयाशी किंवा अभिलेखागाराशी बोला, आणि देताना तुमचे क्रमांक तसेच राहतील असं ठरवून घ्या.

किती दिवस लागतील?

फोटो काढणं लवकर उरकतं. नोंदींचं बघा: एका कागदाला पाच मिनिटं धरली तरी हजार कागदांना ८३ तास, म्हणजे आठवड्याला चार तास बसलात तर जवळपास पाच महिने. जुनं हस्ताक्षर असेल तर पाच मिनिटांत होत नाही. सगळं पूर्ण झाल्यावरच खुलं करू, असं म्हणत थांबू नका; पहिला गठ्ठा झाला की तो मांडा.

नंतर कोणी चूक दाखवली तर?

नोंद दुरुस्त करा, क्रमांक आणि पत्ता तोच ठेवा, कारण तोवर कोणीतरी त्याचा हवाला दिलेला असू शकतो. जुनं वाचन पुसून टाकू नका. शेवटच्या रकान्यात ‘पूर्वी असं वाचलं होतं, अमुक तारखेला बदललं’ एवढं लिहा. दाखवणाऱ्याची संमती असेल तर त्याचं नावही. त्याच्याकडे बहुधा आणखी एक पेटी असते.